सर्रा : ताप पुनः पुनः कां उलटतो?

ताप उतरला म्हणजे बैल बरा झाला, असें समजून शेतकरी स्वस्थ बसतो. आणि कांहीं दिवसांनीं तेंच जनावर पुनः तापतें. भोकरदनकडील आमच्या शेतावर एक बैल आम्ही अशाच समजुतीनें गमावला. जालना जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंवर असा प्रसंग येऊं नये, म्हणून हा लेख.

या रोगास सर्रा म्हणतात. इ. स. १८८० मध्यें डेरा इस्माइलखान येथें पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनीं घोडे व उंट यांच्या रक्तांत त्याचा जंतु प्रथम पाहिला. घोडमाशी आजारी जनावराचें रक्त पीत असतां उठून दुसऱ्यास चावते व जंतु त्याच्या रक्तांत पोंचवते. ताप, रक्तक्षय, पायांवर सूज व रोडावणें हीं मुख्य लक्षणें होत. कांहीं गुरांत बाहेरून कांहींच दिसत नाहीं, तरी त्यांच्यापासून रोग पसरतो.

या जंतूच्या अंगावर एकाच जातीच्या सुमारें एक कोटि प्रथिनकणांचें दाट कवच असतें. जनावराचें शरीर तें ओळखून त्याविरुद्ध प्रतिकारक द्रव्यें तयार करतें. बहुतेक जंतु मरतात व ताप उतरतो. परंतु तेवढ्यांत थोड्या जंतूंनीं निराळें कवच धारण केलेलें असतें. जुन्या द्रव्यांस ते ओळखूं येत नाहींत. ते वाढतात व ताप उलटतो. महसूल खात्यांत फेरफाराच्या नोंदी लिहितांना आम्ही नित्य पाहिलें कीं, खातेदाराचें नांव पालटलें तरी जमीन तीच राहते. येथेंही जंतु तोच. पालटतें तें कवच. म्हणूनच या रोगावर उपयोगी लस अद्याप झालेली नाहीं.

रक्तपरीक्षेंतही हीच अडचण येते. एका विशिष्ट कवचावर आधारलेली परीक्षा बहुतेक देशांत उपयोगी पडते; परंतु केनियांतील एका वाणांत त्या कवचाचें जनुकच नाहीं, म्हणून तेथें ती फसते.

मनुष्याच्या रक्तांत या जंतूस मारणारें एक प्रथिन असल्यामुळें आपणांस हा रोग सहसा होत नाहीं. तथापि २००४ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यास तो झाला. त्याच्या रक्तांत तें प्रथिन जन्मतःच नव्हतें, असें पुढें तपासांत आढळलें. सुरामिन या औषधानें तो बरा झाला.

यावरून बोध इतकाच कीं, ताप उतरण्यावर विसंबूं नये. ताप चढलेला असतांनाच पशुवैद्याकडून रक्त तपासवावें, कारण त्या वेळीं जंतु सांपडण्याचा संभव अधिक. क्विनापायरामिन किंवा डायमिनाझीन जनावराच्या वजनाप्रमाणें पुऱ्या मात्रेनें टोंचवावें. अपुऱ्या मात्रेनें वांचलेले जंतु पुढें औषधास दाद देत नाहींत. आजारी जनावर वेगळें बांधावें व गोठ्यांत माशा होऊं देऊं नयेत. आमचा बैल गेला. वाचकांचा वांचावा, हीच इच्छा.