मडगार्डच्या अंगात का येतं?

पेव्हर ब्लॉकवरून सायकल नेताना मडगार्डकडे कधी कान दिलाय? हळू चालवा, ते गप्प. थोडा वेग आला की खडखडखड! आणखी जोरात मारा, पुन्हा गप्प. रस्ता तोच, मडगार्ड तेच. मग मधल्याच वेगाला त्याच्या अंगात का येतं?

घरीच बघूया. चार-पाच रबरबँड एकमेकांत अडकवा आणि खाली छोटं कुलूप बांधा. वरचं टोक धरून हात सावकाश वर-खाली करा. कुलूप मुकाट्याने हाताबरोबर जाईल. वेग वाढवत न्या. एका क्षणी हात जेमतेम हलत असेल आणि कुलूप मात्र वीतभर उड्या मारू लागेल. (नाक जरा लांब ठेवा!) आता हात एकदम भरभर हलवा. काय झालं? कुलूप जवळजवळ जागच्या जागी!

लवचीक वस्तूची हलण्याची स्वतःची एक लय असते. धक्के त्याच लयीत आले की हेलकावा वाढत जातो. हे झालं अनुस्पंदन. धक्के लयीपेक्षा पुष्कळ जलद आले, तर वस्तूला हलायला सवडच मिळत नाही.

शॉकअपचं सगळं काम या सवड न देण्यावर चालतं. तुम्ही बसल्यावर स्प्रिंग अडीच सेंटीमीटर दबत असेल, तर तिची लय सेकंदाला साधारण 3 हेलकाव्यांची. ब्लॉकचे जोड 20 सेंटीमीटरवर आहेत आणि तुमचा वेग ताशी 18 किलोमीटर आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला 25 दणके! ते चाकाला बसतात, तुमच्यापर्यंत फारच थोडे पोचतात.

इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी मिनी मोटारीसाठी रबराचं सस्पेन्शन बनवलं होतं. 1962 मध्ये त्यांनी चिमुकल्या चाकांची सायकल आणली. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं, म्हणून तिला पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन दिलं, त्यातही रबर होतंच.

नुसती स्प्रिंग असेल तर मात्र एका खड्ड्यानंतर आपण कितीतरी वेळ डुलत राहू. म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये तेल असतं. बारीक छिद्रांतून ते ढकलताना उड्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. तेल नसलेलं स्वस्तातलं शॉकअप मला तरी निम्मं शोभेचंच वाटतं.

आणि आता खरी गंमत. मिनिटाला 90 वेळा पॅडल फिरवलंत, तर दोन पायांचे मिळून 180 रेटे. सेकंदाला किती? 3! स्प्रिंगचीही लय तीच. म्हणून गुळगुळीत डांबरी रस्त्यावरही शॉकअपवाली सायकल डुलते आणि तुमची ताकद त्यात वाया जाते. तुमच्या शॉकअपला लॉकची कळ असेल, तर चढावर ती लावून बघा. खडबडीत उताराआधी सोडायला मात्र विसरू नका.