वैमानिकांची निवृत्ती आणि वेतनकराराच्या वाटाघाटी

विमान कंपनी आणि तिच्या वैमानिकांची संघटना यांच्यात ठरावीक मुदतीने होणाऱ्या करारात वेतन, उड्डाणाचे तास व विश्रांती यांच्या बरोबरीने निवृत्तीच्या अटीही ठरवल्या जातात. वैमानिकाने नियत वयापूर्वी सेवा सोडावी यासाठी कंपनी कधी एकरकमी किंवा मासिक मोबदला देऊ करते. याउलट, वैमानिकांची टंचाई असताना निवृत्त होऊ घातलेल्यांना थांबवून घेण्यासाठी सवलती दिल्या जातात. कोणत्या काळी कोणते प्रलोभन पुढे येईल, हे त्या वेळी वैमानिक किती उपलब्ध आहेत यावर अवलंबून असते. अमेरिकेत २०२० मध्ये जाण्यासाठी पैसे दिले गेले, तर भारतात २०२२ मध्ये एअर इंडियाने निवृत्त वैमानिकांना परत बोलावले. दोन्ही प्रसंगी खरा प्रश्न संघटनेच्या आत होता, कारण एका वैमानिकाचे जाणे ही दुसऱ्याची बढती असते.

ज्येष्ठता यादीचे महत्त्व

बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकाचे स्थान ज्येष्ठता यादीतील क्रमांकावरून ठरते. सहवैमानिकाला मुख्य वैमानिक (कमांडर) केव्हा होता येईल, लहान विमानावरून मोठ्या विमानावर केव्हा जाता येईल, कोणते मार्ग व कोणत्या सुट्ट्या मिळतील, हे सारे या क्रमांकाशी जोडलेले असते. क्रमांक कंपनीपुरताच असतो. वीस वर्षांचा अनुभव असलेला वैमानिक दुसऱ्या कंपनीत गेला, तर तेथे तो सहसा यादीच्या तळाशी लागतो. म्हणून वैमानिक कंपनी बदलण्यास नाखूश असतात आणि संघटना या यादीला प्राणपणाने जपतात.

यादीच्या शिरोभागी असलेल्यांचे वेतन सर्वाधिक असते. निवृत्तीचे वय वाढले, की ही मंडळी सर्वाधिक वेतनाची आणखी काही वर्षे मिळवतात, आणि खालच्या प्रत्येकाची बढती तितकी लांबते. वय ५८ वरून ६५ झाले, तर ज्येष्ठाला सात वर्षे मिळतात. पस्तिशीतील सहवैमानिकाला मात्र कमांडरच्या आसनासाठी अधिक थांबावे लागू शकते. अर्थात पुढे त्यालाही त्याच वाढीव वर्षांचा लाभ होणार असतो, पण घरकर्जाचे हप्ते आज भरावे लागत असताना वीस-पंचवीस वर्षांनंतरचा लाभ त्याला फारसा दिलासा देत नाही. संघटनेला या दोघांच्याही वतीने एकाच मेजावर बसावे लागते.

वयोमर्यादेचा इतिहास

अमेरिकेत प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी ६० वर्षांची मर्यादा १९६० साली लागू झाली. एअर लाइन पायलट्स असोसिएशन (अल्पा) या मोठ्या संघटनेने आरंभी तिला विरोध केला. १९८० पासून ती मर्यादेच्या बाजूने उभी राहिली आणि मे २००७ मध्ये तिने पुन्हा भूमिका बदलली. हे हेलकावे केवळ वैद्यकीय कारणांनी झाले नाहीत; सभासदांच्या निवृत्तिवेतनाची स्थिती बदलत गेली, तशी संघटनेची भूमिकाही बदलली.

२००१ नंतरच्या मंदीत अनेक अमेरिकन कंपन्या दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. युनायटेडची निवृत्तिवेतन योजना २००५ मध्ये आणि डेल्टाच्या वैमानिकांची योजना २००६ मध्ये संपुष्टात आली. या योजनांचा भार शासकीय हमी महामंडळावर गेला. मात्र महामंडळाच्या लाभाची कमाल मर्यादा ६५ वर्षांच्या वयाला धरून होती, आणि त्याआधी निवृत्त होणाऱ्याला कमी रक्कम मिळे. म्हणजे कायदा वैमानिकाला साठीला घरी बसवी आणि तोच लवकर बसला म्हणून त्याचे निवृत्तिवेतन कापले जाई. हा अन्याय इतका उघड होता, की वय वाढवण्याच्या मागणीला त्यातून मोठे बळ मिळाले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (इकाओ) नोव्हेंबर २००६ मध्ये एकाहून अधिक वैमानिक असलेल्या विमानांसाठी मर्यादा ६५ केली होती. अमेरिकेने १३ डिसेंबर २००७ च्या कायद्याने तीच स्वीकारली.

पुढे अमेरिकेत ६७ वर्षांचा प्रस्ताव आला, तेव्हा अल्पाने त्याला विरोध केला. आंतरराष्ट्रीय मर्यादा ६५ असल्याने त्यापुढील वैमानिकांना परदेशी उड्डाणे करता येणार नाहीत; ते मोठी विमाने सोडून देशांतर्गत मार्गांवर येतील, तेथील कनिष्ठांना खाली ढकलतील आणि प्रत्येक बदलासाठी नवे प्रशिक्षण लागेल, असा तिचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटच्या समितीत हा प्रस्ताव १४ विरुद्ध १३ अशा एका मताने फेटाळला गेला.

अमेरिका, २०२०: जाण्यासाठी मोबदला

कोविडच्या साथीत उड्डाणे थांबली, तेव्हा अमेरिकन कंपन्यांसमोर दोन वाटा होत्या. करारानुसार कपात करायची, तर ती यादीच्या तळापासून करावी लागे; म्हणजे कमी वेतनाचे तरुण जात आणि अधिक वेतनाचे ज्येष्ठ राहत. त्याऐवजी ज्येष्ठांनी आपणहून जावे, यासाठी संघटनांशी बोलून लवकर निवृत्तीच्या योजना आखण्यात आल्या. घरी बसून काही काळ दरमहा ठरावीक तासांचे वेतन आणि आरोग्य विमा हे त्यांचे मुख्य घटक होते. ज्येष्ठांसाठीचा शासकीय आरोग्य विमा तेथे ६५ व्या वर्षी सुरू होत असल्याने मधल्या वर्षांचा विमा पुष्कळांना रोख रकमेइतकाच महत्त्वाचा वाटला. एकट्या डेल्टातून सुमारे १,८०० वैमानिक या मार्गाने बाहेर पडले.

दोन वर्षांत प्रवासी परतले आणि वैमानिक कमी पडू लागले. मोठ्या कंपन्यांनी छोट्या, प्रादेशिक कंपन्यांतील वैमानिक ओढून घेतले आणि लहान शहरांच्या फेऱ्या घटल्या. या टंचाईने संघटनांचे पारडे जड झाले; डेल्टाच्या वैमानिकांनी २०२३ च्या करारात चार वर्षांसाठी ३० टक्क्यांहून अधिक वेतनवाढ मिळवली.

भारत: एअर इंडियाचे उदाहरण

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार वैमानिकाला ६५ वर्षांपर्यंत व्यावसायिक उड्डाण करता येते. एअर इंडियात मात्र सेवानिवृत्तीचे वय दीर्घकाळ ५८ होते. परवाना शाबूत असलेला कमांडर त्यामुळे निवृत्त होई आणि कित्येकदा खासगी कंपनीत रुजू होई.

एअर इंडियाच्या मोठ्या विमानांवरील वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड ही होती, तर पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्समधील वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन ही वेगळी संघटना होती. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या विलीन झाल्या, पण याद्या व मने जुळली नाहीत. २०१२ मध्ये गिल्डचा संप ५८ दिवस चालला. नव्या बोइंग ७८७ विमानांच्या प्रशिक्षणात दुसऱ्या गटाच्या वैमानिकांना वाटा देण्यावरून तो पेटला होता. म्हणजे वाद बढतीच्या क्रमाचा होता.

शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची बोली स्वीकारली, त्या वेळी कंपनीत १२,०८५ कर्मचारी होते व त्यांपैकी ८,०८४ कायम होते. पहिल्या वर्षी कोणालाही कमी करायचे नाही आणि त्यानंतर कमी करायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती देऊ करायची, अशी अट घालण्यात आली. २७ जानेवारी २०२२ रोजी हस्तांतरण झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना जाहीर झाली. केबिन कर्मचारी, लिपिक आणि अकुशल कामगार यांच्यासाठी पात्रतेचे वय ५५ वरून ४० पर्यंत खाली आणण्यात आले. याच सुमारास निवृत्त वैमानिकांना मात्र पाच वर्षांच्या करारावर कमांडर म्हणून परत येण्याचे आमंत्रण दिले गेले. एकाच कंपनीने चाळिशीतल्या लिपिकाला जाण्यासाठी आणि साठीच्या उंबरठ्यावरील वैमानिकाला येण्यासाठी पैसे देऊ केले, यात विसंगती दिसली तरी नव्हती. एकाची जागा भरणे सोपे होते, दुसऱ्याची नव्हे. डीजीसीएने २०१७ मध्येच कमांडरसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची राजीनाम्याची पूर्वसूचना सक्तीची केली होती.

करारावर परत आलेला कमांडर कायम नोकरीतील सहवैमानिकाच्या बढतीआड येतो का, हा प्रश्न अशा प्रत्येक फेरनियुक्तीत उभा राहतो. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने नवी वेतनरचना आणली, तेव्हा दोन्ही संघटनांनी ती नाकारली. हमीच्या उड्डाणतासांची संख्या ७० वरून ४० करणे आणि चार वर्षे कमांडर असलेल्यांना व्यवस्थापनाच्या श्रेणीत घेणे, हे आक्षेपाचे मुख्य मुद्दे होते. दुसरा मुद्दा वरवर मानाचा वाटतो. पण व्यवस्थापनात गणला गेलेला वैमानिक कायद्याच्या अर्थाने 'कामगार' राहत नाही आणि त्याच्या निवृत्तीच्या अटी ठरवताना संघटना त्याच्या वतीने बोलू शकत नाही, हे संघटनांच्या विरोधाचे मर्म होते. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने वैमानिकांचे निवृत्तिवय ६५ आणि जमिनीवरील कर्मचाऱ्यांचे ६० करण्याचे जाहीर केले.

कायदेशीर स्वरूप

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने कामगार कपातीची जी व्याख्या केली होती, तिच्यातून स्वेच्छानिवृत्ती वगळलेली होती. कपातीसाठी मोठ्या कारखान्यांना शासनाची पूर्वपरवानगी लागे आणि 'शेवटी आला तो आधी जाईल' हा क्रम पाळावा लागे. स्वेच्छानिवृत्तीला यांपैकी काहीच लागत नसल्याने मालकवर्गाला ती सोयीची ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या निकालात अशी योजना म्हणजे प्रस्ताव मागवणारे निमंत्रण होय, असे म्हटले. कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव असतो आणि तो स्वीकारला जाईपर्यंत, अपवाद वगळता, मागे घेता येतो.

राजीनामा मागे घेण्याचा प्रश्न वैमानिकांच्या बाबतीतही न्यायालयात गेला. आधी राजीनामा देऊन नंतर तो मागे घेतलेल्या चाळीसहून अधिक वैमानिकांना एअर इंडियाने ऑगस्ट २०२० मध्ये सेवामुक्त केले. दिल्ली उच्च न्यायालयाने १ जून २०२१ रोजी तो निर्णय रद्द करून त्यांना थकीत वेतनासह परत घेण्याचा आदेश दिला.

कारखाने व दूरसंचार सेवेशी तुलना

रायगड जिल्ह्यात नवी मुंबई विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला असला, तरी पेण व रोहा तालुक्यांतील वाचकाला 'व्हीआरएस' हा शब्द परिचित आहे तो कारखाने व सरकारी उपक्रमांमुळे. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांसारख्या ठिकाणी कामगाराचे वय वाढले, म्हणून शेजारच्या कामगाराचे नुकसान होत नाही. तेथे ज्येष्ठतेचा अर्थ प्रामुख्याने वेतनश्रेणी व कपातीपासून संरक्षण एवढाच असतो. वैमानिकांतील अंतर्गत तेढ तेथे म्हणून क्वचितच दिसते.

दुसरा फरक वाटाघाटींचा आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटना वेतनकरार करते. पण स्वेच्छानिवृत्तीची योजना अनेकदा सूचनाफलकावर लावून प्रत्येक कामगाराला वेगवेगळी देऊ केली जाते. किंमत आधीच ठरलेली असते. कामगाराने फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. अमेरिकन वैमानिकांच्या २०२० च्या योजना संघटनांशी बोलून आखल्या गेल्या, हे या पार्श्वभूमीवर लक्षणीय आहे.

देशभर लागू असल्याने पेण-रोह्यासारख्या गावांतील टेलिफोन कार्यालयांपर्यंत पोहोचलेली योजना म्हणजे २०१९ ची भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांची होय. पन्नाशी गाठलेल्यांना तिचा पर्याय होता. भारत संचारमधून ७८,५६९ आणि महानगर टेलिफोनमधून १४,३८७ कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाले. सानुग्रह रक्कम ठरवण्याची रीत अशी होती: झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचे वेतन. चोपन्न वर्षांच्या, ३० वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेतल्यास १,०५० अधिक १५०, म्हणजे १,२०० दिवसांचे, सुमारे ४० महिन्यांचे वेतन होते. त्याची सेवा ७२ महिने उरलेली असे. योजनेत कमाल मर्यादाही असल्याने प्रत्यक्ष रक्कम याहून कमी होऊ शकत होती. निवृत्तिवेतन मात्र लगेच सुरू होई. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१०सी) नुसार अशा रकमेपैकी केवळ पाच लाख रुपये करमुक्त धरले जात.

चोपन्न वर्षांच्या दूरसंचार कर्मचाऱ्याला बाहेर दुसरी नोकरी मिळणे अवघड होते. त्याच वयाच्या वैमानिकापुढे मात्र डीजीसीएच्या नियमांनुसार उड्डाणाची आणखी अकरा वर्षे असतात, आणि संघटना मेजावर बसते तेव्हा तिच्या मागणीला जे वजन येते त्यात या अकरा वर्षांचा वाटा मोठा असतो.