बरणीतील साप आणि गावातील माणूस

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू कुलूपबंद ठेवण्याची जागा, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु तेथील प्राण्यांचे नमुने जेव्हा शाळेच्या पडवीत अथवा जत्रेच्या मांडवात मांडले जातात, तेव्हा त्यांचा खरा उपयोग प्रत्ययास येतो. गोवा व कोकणच्या दृष्टीने सापांचे नमुने यांत विशेष महत्त्वाचे होत.

भारतातील बहुतेक सर्पदंश-मृत्यूंस नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप कारणीभूत ठरतात. जिवंत साप जवळून न्याहाळणे धोक्याचे असते. बरणीतील साप मात्र मुलांनाही निर्धास्तपणे पाहता येतो. विषारी मण्यार व बिनविषारी कवड्या शेजारी ठेवल्यास भेद स्पष्ट होतो. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा शेपटीकडे ठळक व मानेकडे पुसट असतात. कवड्याचे याच्या उलट. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते.

नमुना प्रथम फॉर्मॅलिनमध्ये मुरवून पुढे बहुधा सुमारे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. कालांतराने रंग उडतो, म्हणून रंगापेक्षा खवले व ठिपक्यांची ठेवण दाखवावी. बरणीवरील चिठ्ठी तितकीच मोलाची. प्राणी कोठे व केव्हा मिळाला ही नोंद नसेल, तर नमुन्याचे शास्त्रीय मूल्य फार उणावते.

प्रदर्शनात काही पथ्ये पाळावीत. बरणी उघडू नये; फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांस व श्वासास अपायकारक असते. भुसा भरलेल्या जुन्या प्राण्यांच्या कातड्यास पूर्वी सोमल लावीत, सबब त्यांस हात लावू देऊ नये. हाताळण्यासाठी सापाची कात, शिंपले अशा वस्तू वेगळ्या ठेवाव्यात.

या ओळखीचा हेतू साप मारणे हा नव्हे. धामण उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते. नाग, धामण यांसारखे साप मारणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. नमुन्यासाठी साप धरून आणण्याचा मोहही कोणी धरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करते. त्या जागी वेदना वा सूज फारशी नसते. त्यामुळे घरचे लोक गाफील राहतात आणि मोलाचा वेळ जातो. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. रुग्णास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलवता, त्वरित रुग्णालयात न्यावे. आपल्याकडील प्रतिसर्पविष या चारही सापांच्या विषावर चालते. त्यासाठी साप पकडून नेण्याची आवश्यकता नाही.

शिक्षक व ग्रामपंचायतींनी असा एखादा नमुना पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांस दाखविण्याची व्यवस्था केल्यास, बरणीतील मुका साप एखाद्या घरचा दिवा विझू देणार नाही.