औषध आहे, बुडीत मजुरीचे काय?

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला म्हणजे बाई गेलीच, असा समज आमच्या वस्त्यावस्त्यांतून पक्का बसला आहे. म्हणून अंगावरून जाते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसते, तरी बाई गप्प राहते. हा समज खोटा आहे. आणि तो खोटा ठरवण्यात आमच्याच महाराष्ट्राचा वाटा आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2003 ते 2011 या काळात तिसऱ्या टप्प्यापर्यंत आजार गेलेल्या 850 स्त्रियांवर उपचारांची तुलना केली. निम्म्यांना नुसते रेडिएशन, निम्म्यांना त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. 2018 साली निष्कर्ष छापून आला. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या 46 जणी हयात होत्या, दुसऱ्या गटात 54. सिस्प्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या इंटरलेस चाचणीत या उपचाराआधी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल दिले, तेव्हा हे प्रमाण 72 वरून 80 वर गेले. त्या स्त्रियांचा आजार बहुतेक आधीच्या टप्प्यातला होता, हे ध्यानात ठेवावे. पण याही औषधांवर आता कुणाची मक्तेदारी नाही. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी लाखांच्या घरातली इंजेक्शने आली आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

मग अडते कुठे? रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालते. शेवटी ब्रॅकिथेरपी, म्हणजे आतून दिलेले रेडिएशन. हे सारे सुमारे आठ आठवड्यांत संपले पाहिजे. मध्ये खंड पडला की आजार पुन्हा डोके वर काढतो. आमच्या ओळखीतली एक शेतमजूर बाई तिसऱ्या आठवड्यात गावी परतली. उपचार फुकट होता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो. पण सोबत आलेल्या नवऱ्याचीही मजुरी बुडत होती आणि घरी दोन लेकरे शेजारणीच्या भरवशावर होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, 'रुग्णाने उपचार सोडला'. कुणी सोडायला लावला, त्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हाच प्रश्न धरला होता. बाईला विश्रांती हवी, त्या काळात तिची मिळकत बुडू नये, आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलावा. बाळंतिणीला लागू होणारा न्याय कॅन्सरच्या बाईला का लागू नाही? क्षयरुग्णांच्या खात्यात 2018 पासून केंद्र सरकार पोषणासाठी थेट पैसे टाकते. म्हणजे वाट आहे, फक्त या बाईपर्यंत ती कुणी आणलेली नाही.

आठ आठवड्यांची बुडीत मजुरी, रुग्ण आणि सोबती दोघांची, हीच आमची मागणी. ज्या घरात हा उपचार चालू आहे, त्यांनी बुडालेले खाडे वहीत मांडावेत आणि एस.टी.ची तिकिटे फेकू नयेत. निवेदनासोबत आम्हाला तीच जोडायची आहेत.