दारातलं पिल्लू आणि घरातलं लेकरू

दिवाळीच्या आगेमागे आपल्या आखाडा बाळापुरात गल्लोगल्ली कुत्री विलेली दिसतात. पाऊस सरलेला असतो, थंडी सुरू होत असते आणि शाळेतून येता येता एखादं पोरगं शर्टाच्या आत पिल्लू लपवून घरी आणतं. आई ओरडते, बाप हसतो आणि पिल्लू राहतं. आपल्याकडं कुत्रं असं येतं. दुकानातून विकत आणणारे थोडेच.

दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात माणसांनाच जागा पुरत नाही, म्हणून पिल्लू अंगणात राहतं. त्यात वावगं काही नाही. पण त्याला बाहेर ठेवायचं म्हणजे दाव्याला बांधून सोडून द्यायचं नाही. पिल्लू नीट सांभाळलं तर ते निरोगी राहतं आणि आपली लेकरंही सुरक्षित राहतात. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, म्हणूनच आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

आणायचं कधी?

पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहिलं पाहिजे. आईच्या दुधातून त्याला रोगाशी लढायची ताकद मिळते. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं नाही, हेही ते तिथंच शिकतं. डोळे उघडले की उचललेलं पिल्लू बऱ्याचदा हगवणीनं दगावतं, जगलं तर भित्रं आणि चावरं होतं. मुलांना सांगा, आवडलं असेल तर तिथं जाऊन आईला भाकर घाला, पिल्लू दोन महिन्यांनी आणू.

खोपट कसं असावं?

त्यासाठी पैसे लागत नाहीत. फळांच्या लाकडी पेट्या, जुन्या फळ्या, चार विटा एवढं पुरतं. कुत्रं मोठं झाल्यावर त्याला आत उभं राहता, फिरता आणि पाय पसरून झोपता यावं, एवढं माप धरा. फार मोठं केलं तर थंडीत आत ऊब राहत नाही. पिल्लू लहान असेपर्यंत एका बाजूला फळी लावून जागा कमी करा.

खोपट विटांवर चार-सहा इंच उचलून ठेवा, म्हणजे ओल येत नाही. आपल्याकडं पावसाचा मारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून दार पूर्वेला असलेलं बरं. वर नुसता पत्रा टाकू नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्या भागात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखाली जीव भाजून निघतो. पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर द्या, खोपट लिंबाच्या सावलीत ठेवा आणि पाण्याची मातीची कुंडी कायम भरलेली ठेवा. थंडीत खाली गव्हांडा आणि वर गोणपाट घाला. गोणपाट आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवा. पिसवा आणि गोचीड तिथंच वाढतात.

फवारणीचा पंप, थायमेट, उंदराचं औषध यांच्या आसपास खोपट नको. जिथं पिल्लू जाऊ शकतं तिथं रांगतं लेकरूही जातं, हे लक्षात ठेवा.

पहिल्या रात्री

पिल्लू रडणारच. काल रात्री ते चार भावंडांच्या उबेत झोपलं होतं आणि आज एकटं आहे. त्याला मारू नका, दटावू नका. आणताना आईच्या अंगाखालचा एखादा कपडा सोबत आणा. बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा. पहिले काही दिवस रात्री ओसरीवर किंवा दाराच्या आत झोपू द्या.

दिवसा खोपटाची सवय लावा. जेवण तिथंच द्या, खेळून दमलं की तिथंच ठेवा, थोडा वेळ जवळ बसा. दिवसाची झोप ते आपणहून तिथं काढू लागलं की मगच रात्री तिथं ठेवा. कडाक्याच्या थंडीत घाई करू नका, लहान पिल्लाला अंगातली ऊब टिकवता येत नाही. रडलं तर जवळ जाऊन हात फिरवा, पण दर वेळी उचलून घरात आणू नका. बहुतेक पिल्लं आठ-पंधरा दिवसांत रुळतात.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या. नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू वाढत नाही आणि जास्त दुधानं हगवण लागते. भात, उकडलेलं अंडं, बिनतिखटाची शिजवलेली कोंबडी चालते. कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका देऊ नका. शिजवलेली हाडं आतड्यात रुततात. कापलेल्या जनावराचं कच्चं काळीज-फुफ्फुस तर कधीच घालू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत जातात आणि त्या जंताच्या अंड्यांमुळं माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

सुया आणि जंताचं औषध

पिल्लाच्या पोटात जंत जन्मापासून असू शकतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन करून जंताचं औषध घ्या आणि डॉक्टर सांगतील तसं पुन्हा द्या. पिल्लाची विष्ठा रोज उचलून पुरा. लेकरांनी त्याच्याशी खेळल्यावर साबणानं हात धुतलेच पाहिजेत.

सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची लस सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तिचे पुढचे डोस असतात. ते पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गल्लीतल्या कुत्र्यांत सोडू नका. उलट्या आणि रक्ताची दुर्गंधी हगवण दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो, म्हणून जिथं एक पिल्लू दगावलं त्याच जागी लगेच दुसरं आणू नका.

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि दरवर्षी एक. ही सुई चुकवू नका.

“पिल्लूच ते, त्याला कुठं विष?”

वस्तीत फिरताना हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते, आणि लेकराच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका याच वाक्याचा आहे. पिल्लालाही रेबीज होतो. गल्लीतलं पिसाळलेलं कुत्रं त्याला चावलेलं आपल्याला कळतही नाही. लक्षणं दिसायच्या आधीचे काही दिवस लाळेतून विषाणू बाहेर पडत असतो. खेळता खेळता दात लागला, नखाचा ओरखडा उठला, जखमेवर लाळ लागली, तरी ती गोष्ट गंभीर आहे. लेकरं मार बसेल या भीतीनं सांगत नाहीत. म्हणून आधीच सांगून ठेवा, “चावलं, ओरबाडलं तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही.”

जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यांमुळं होतो. लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यावर लगेच नीट उपचार झाले तर हा रोग टाळता येतो. लुई पाश्चरनं 6 जुलै 1885 रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली आणि तो वाचला. पाश्चरचा स्मृतिदिन, 28 सप्टेंबर, आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. इतकी वर्षं इलाज हाताशी असताना आपलं लेकरू अंगारा-धुपाऱ्यात का गमवायचं?

चावल्यावर हे करा:

• वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा.

• हळद, चटणी, चुना, तेल, पाला काही लावू नका. आपला जिल्हा हळदीचा असला तरी या जखमेला हळद नाही.

• जखम घट्ट बांधू नका.

• त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस मोफत मिळते.

• रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत सिरम द्यावं लागतं. “सिरम आहे का?” असं विचारा. नसेल तर कुठं मिळेल ते लिहून घ्या आणि हिंगोलीला किंवा नांदेडला जा.

• सगळे डोस पूर्ण करा. स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. 0 म्हणजे पहिल्या सुईचा दिवस.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण ते मरतंय का जगतंय याची वाट पाहत लस लांबवू नका. पोटातल्या चौदा सुयांची भीतीही मनातून काढून टाका, ती जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता सुई दंडात देतात.

चावल्याची ठिकाणं अनेक वस्त्यांत ठरलेली असतात. कुणी मंत्र टाकतं, कुणी काशाची वाटी पाठीला लावतं. पुष्कळदा माणूस त्यानं नव्हे, तर चावणारं कुत्रं पिसाळलेलं नव्हतं म्हणून वाचतो. ज्याचं कुत्रं पिसाळलेलं होतं, त्याच्या घरी वाटीवाल्याचं नाव कुणी घेत नाही.

दवाखान्यात “उद्या या” असं म्हटलं तर गुमान परतू नका. लस हा आपला हक्क आहे, उपकार नाही. मोठ्या डॉक्टरांना भेटा आणि केसपेपरवर नोंद करायला लावा. आणि महिला मंडळानं, तरुणांनी एवढं एक काम हाती घ्यावं. वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांची यादी करा, पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि एकाच दिवशी सगळ्यांना रेबीजची सुई टोचून घ्या. दारातल्या पिल्लाला सुई मिळाली, की घरातलं लेकरू निर्धास्त खेळेल.