ड्रॅग शर्यतीच्या गाडीसाठी टॉर्क कन्व्हर्टर
पुणे जिल्ह्यातील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यती, म्हणजे ठरावीक सरळ अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या स्पर्धा, झाल्या असून, त्यांत ऑटोमॅटिक गाडीची पहिली झेप बरीचशी टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या जोडणीवर, अवलंबून असते. निवडीचा खरा निकष ‘स्टॉल वेग’ होय. चाके रोखलेली असताना पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मिनिटाला जितके फेरे गाठू शकते, तो हा वेग, आणि तो इंजिनाचा जोर ऐन भरात येतो त्या फेऱ्यांच्या आसपास असावा. मात्र तोच कन्व्हर्टर अधिक जोरकस इंजिनामागे बसवल्यास स्टॉल वेग वाढतो, म्हणून इंजिन, गाडीचे वजन व गिअरचे प्रमाण न पाहता केवळ छापील आकड्यावर विसंबणे चुकीचे ठरते.