चेक इंजिनचा दिवा लागला? आधी कोड वाचा, मग पाकीट उघडा

समजा, एप्रिल संपत आलाय. आंजर्ल्याच्या बागेतून हापूसच्या तीस पेट्या भरून तुमची छोटी पेट्रोल पिकअप निघाली आहे. पहाटेपर्यंत माल वाशी मार्केटला पोचवायचाय. चढाला गाडी झटके मारायला लागते, पिकअप घेत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. आता?

आंबा पिकायचा थांबणार नाही आणि बँकेचा हप्ताही थांबणार नाही. अशा वेळी घाबरून आपण म्हणतो, "काय लागेल ते बदला, पण गाडी सुरू करा." धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य हेच!

साधा हिशोब करू

महिन्याचा हप्ता १२,००० रुपये आणि फेऱ्या २४ धरल्या, तर प्रत्येक फेरीतून ५०० रुपये हप्त्याला जातात. आता अंदाजाने चारही इग्निशन कॉइल बदलल्या, एकीला दीड हजार धरले, तर झाले ६,०००. म्हणजे १२ फेऱ्यांच्या हप्त्याचे पैसे गेले. खराब कदाचित एकच असेल, किंवा एकही नसेल.

दिवा नेमकं काय सांगतो?

सिलिंडरमध्ये इंधन नीट जळलं नाही की मिसिंग होतं. गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखतो आणि कोड साठवतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असं पुढे. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही, वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये होतंय.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोड *कुठे* बिघडलंय ते सांगतो, *काय* बिघडलंय ते सांगत नाही. पी०३०२ आला म्हणजे कॉइलच गेली असं नाही. प्लग असेल, वायर असेल, इंजेक्टर असेल.

दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पण दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. त्याचा खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो. दुसरी गाडी भाड्याने बोलवा, माल पुढे पाठवा, व्यापाऱ्याला फोन करून उशीर कळवा. त्या दिवसाचा नफा गेला तरी चालेल, गाडी आणि गिऱ्हाईक दोन्ही टिकतात.

स्वस्तापासून महागाकडे जा

बीएस-६ गाडीत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या, ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. त्यात लावायचा साधा ब्लूटूथ रीडर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि कोड मोबाइलवर दिसतो.

१. कोड लिहून घ्या. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. दिव्याबरोबर पुरावाही जातो.

२. डोळ्यांनी बघा. इंजिन बंद, थंड. बागेत उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. हर्णै बंदरातून मासळी नेत असाल तर बर्फाचं खारं पाणी खाली गळतं, त्यामुळे चासीवरचं अर्थिंगही तपासा. गाडी प्रेशरने धुतल्यावर लगेच मिसिंग सुरू झालं असेल, तर प्लगच्या खळग्यात पाणी साचलंय का बघा.

३. कॉइलची अदलाबदल करा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पी०३०२ आल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलून लावा. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

४. प्लग बघा. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय, चिनीमातीला तडा म्हणजे प्लग बाद. सीएनजी गाडीत प्लगवर ताण जास्त येतो. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक चालत असेल, तर आधी प्लग आणि कॉइल, मग गॅस किट तपासा.

५. मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. इथून पुढे मेकॅनिकचं काम. इंजिन खोलायचं म्हणाला तर आधी कॉम्प्रेशनचे आकडे मागा.

चालू इंजिनवर कॉइल काढून बघायची जुनी सवय सोडा. जबर शॉक बसू शकतो आणि कन्व्हर्टरही खराब होतो.

तुमची पिकअप डिझेल असेल तर स्पार्क प्लगचा प्रश्नच नाही. आधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, फिल्टर बघा, मग इंजेक्टरकडे वळा.

मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा

"कोड काय आला? हाच पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं? जुना पार्ट परत मिळेल ना?" यात अविश्वास नाही, हा व्यवहार आहे. चांगला मेकॅनिक या प्रश्नांवर रागावत नाही, उलट खूश होतो. त्याचे तपासणीचे पैसे मात्र आनंदाने द्या. पार्ट विकून कमावण्यापेक्षा निदान करून कमावणारा मेकॅनिक आपल्याला हवा आहे.

काम झालं की रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून "ओके" म्हणू नका. मिसिंग लोड आल्यावर दिसतं. थोडा माल भरा आणि कड्यावरच्या गणपतीचा चढ चढवून बघा. दिवा लागला नाही तरच मोठं भाडं घ्या.

या आठवड्याचं काम

गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कोड, काय तपासलं, काय बदललं, किती पैसे गेले, सगळं लिहा. शिवाय प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढा. सीझन तोंडावर यायच्या आधी, मार्चमध्येच, प्लग आणि वायरिंग एकदा बघून घ्या.

गाडी दुरुस्त करणं मेकॅनिकचं काम आहे. खर्च कशावर करायचा, हे ठरवणं मालकाचं काम आहे. ते दुसऱ्यावर सोडू नका.